एकोणीस बेपत्ता

दुपारचे दोन. सहाला अर्जाची मुदत संपणार, आणि मी पंख्याखाली लॅपटॉप मांडून तासभर एका रिकाम्या चौकटीकडे बघत बसलेय. अमेरिकेत प्लास्टिक सर्जरी शिकायला जागा हवी तर संशोधन दाखवावं लागतं. चौकट म्हणते, सगळ्यात महत्त्वाचं एकच निवडा. माझ्याकडे दोन आहेत. एक, पुण्याच्या बड्या सरांकडचे अकरा शोधनिबंध, प्रत्येकात माझं नाव सातवं. दुसरा, जिल्हा रुग्णालयात ड्रेसिंग करणाऱ्या तुपेमामांबरोबर केलेला भाजलेल्या हातांचा अभ्यास, कुठंही न छापलेला. सगळे म्हणतात, सरांचं टाक, वेडी आहेस का? त्या अभ्यासाची निळी वही उशाशी आहे. पाचच मिनिटं पडते.

स्पिरिटचा वास येतो. ड्रेसिंगरूममध्ये तुपेमामा स्टुलावर बसून गॉजच्या पट्ट्या कापतायत. तीस वर्षं त्यांनी इथं जखमा बांधल्या. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या तेराव्याला जेवून आलेय, पण ते आत्ता आठवत नाही.

"काय ओ मॅडम, तोंड का एवढंसं केलंय?"

"मामा, कुठलं टाकू?"

"त्या अकरांत तुम्ही काय केलं?"

"तक्ते भरले."

"पेशंटचा हात धरला का एखाद्या तरी?"

"मामा, ते उंदीर होते."

मामा खो खो हसतात. मलाही हसू फुटतं, आणि मग रडूच येतं.

मामा वही उघडतात. त्रेसष्ट माणसांचे त्रेसष्ट हात, शेवटी त्यांच्या संमतीचे अंगठे. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, म्हणजे बोटं एकमेकांना चिकटत नाहीत, ही मामांची रीत. ती खरंच चालते का, ते मी मोजत होते. पण एकोणीस नावांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, बेपत्ता. लाजेनं मान खाली जाते.

"ऊसतोडीला गेलेली माणसं बेपत्ता असतात व्हय? कारखान्याचा पट्टा तर पडू द्या, हंगाम संपला की येतील!"

तेव्हाही ते हेच म्हणाले होते. मी दार उघडते तर बाहेर ऊस. पाचटावर लांब टेबल मांडलंय, पलीकडे तीन प्रोफेसर, कोटाला चिखल लागलेला. मधला मराठीतच विचारतो, "तुमचे एकोणीस पेशंट गेले कुठं?"

"ऊस तोडायला," मी म्हणते. आवाज कापत नाही. "हंगाम संपेपर्यंत मी थांबले. सतरा परत आले. दोन खरंच सापडले नाहीत, तेही मी लिहिलंय."

उसातून बाया-बाप्ये बाहेर येतात. डोक्यावर फडकी, काखेत कोयते. एकेक जण मूठ वर करतो आणि उघडतो. पाचही बोटं मोकळी! तिन्ही प्रोफेसर उठून उभे राहतात. मला एवढा आनंद होतो की वाटतं, ओरडावं.

"आता अंगठा द्या," मामा मागून म्हणतात. हातात शाईचा पॅड. "संमतीला त्रेसष्ट जणांनी दिलाय. तुम्हीच राहिलात."

"मला सही येते, मामा."

"सही सातव्या जागी करा. हितं अंगठा."

त्यांचा हात कोमट, खरखरीत. ते माझा अंगठा दाबतात, जोरात.

मी दचकून उठते. सव्वापाच! लॅपटॉप तसाच, चौकट तशीच. मामांचा तो पॅड कपाटात आहे, वाळून खडखडीत झालाय, मीच ठेवलाय. पण माझा अंगठा निळा आहे.

मी एका दमात लिहून काढते. मामांची रीत, त्रेसष्ट हात, एकोणीस जणांना बेपत्ता ठरवण्याची माझी चूक, सतरांचं परतणं. सरांचे अकरा निबंध त्या चौकटीत एका ओळीनंही येत नाहीत. सहाला सात मिनिटं असताना त्याच अंगठ्यानं बटण दाबते. अर्ज पोचला, अशी ओळ उमटते.

"मामा, टाकलं!" मी रिकाम्या खोलीत ओरडते.

मग वही उघडते. शेवटच्या पानावर, त्रेसष्टाव्या अंगठ्याखाली, चौसष्टावा आहे. शाई अजून ओली आहे.