तुतवार जवळ आले तेव्हा

तुतवार पक्षी माझ्यावर भाळले आहेत, असं मला एकदा खरंच वाटलं होतं. हा वेडेपणा मी साठाव्या वर्षी केला, म्हणजे लहान वयाचं निमित्तही सांगता येत नाही. नुकतीच निवृत्त झाले होते, गिरगाव सोडून बेव्हर्ली पार्क वसाहतीत राहायला आले होते आणि ऑफिसातल्यांनी निरोपाला दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून स्वतःला पक्षीतज्ज्ञ समजत होते. आज ती बाई भेटली तर तिची दुर्बीण काढून घेईन आणि हातात पिशवी देऊन भाजीला पाठवीन.

चैत्र सरत आला होता. थंडीत खाडीवर उतरलेले पक्षी या दिवसांत उत्तरेकडे परत निघतात, आणि निघण्याआधी त्यातले काही तुतवार रंग बदलतात. हिवाळाभर मळकट दिसणारी पोटं विटेसारखी तांबडी होतात. ते मला नातीला दाखवायचं होतं. ती सहा वर्षांची. रविवार होता, सून कपाट आवरत होती. तिला सांगितलं, "बागेत जातोय आम्ही." आणि रिक्षा केली ती थेट खाडीकाठच्या मुर्धा गावाला.

जुन्या मिठागराच्या बांधावरून चालत आम्ही टोकाला गेलो. वाटेत एका जागी बांध फुटला होता. तिथे घोटाभर पाणी. नातीला उचलून ओलांडलं. पुढे बांधाच्या माथ्यावर काड्या, थर्माकोल, सुकलेला कचरा पडला होता. लोक कुठेही घाण टाकतात, म्हणून मी नाक मुरडलं. ओहोटी होती. समोर चिखल, आणि लांबवर शेकडो तांबडे ठिपके त्यात चोची खुपसत होते.

तास-दीड तास बसलो असू. पक्षी हळूहळू जवळ यायला लागले. मग आणखी जवळ. दुर्बिणीशिवाय त्यांचे डोळे दिसायला लागले.

"बघ," मी नातीच्या कानात म्हटलं, "शांत बसलं की त्यांना कळतं, ही चांगली माणसं आहेत."

"मग मांडीवर येतील?"

"येतीलसुद्धा."

आमच्या चांगुलपणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मागून भरती चढत होती, पायाखालचा चिखल संपत होता, म्हणून ते बिचारे आमच्याकडे सरकत होते. एकाएकी सगळे उडाले. ते होते तिथे पाणी होतं. मी मागे वळून पाहिलं, तर फुटलेल्या बांधातून खाडी आत धावत होती.

तिथवर कशी पोचले, आठवत नाही. पाणी गढूळ, तळ दिसेना. एक पाय घातला तर गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल चिखलाने गिळली. मागे सरले. आणि मग तो माथ्यावरचा कचरा पुन्हा दिसला. कुणी टाकला नव्हता तो. पाणी तिथपर्यंत येत होतं.

फोन काढला. पहिलाच नंबर सुनेचा. अंगठा तिथे थांबला तो थांबलाच. पोरगी बुडायची वेळ आलेली आणि मी सुनेला काय तोंड दाखवू याचा विचार करत होते.

"आगं ए म्हातारे, उबी काय रायलीस? पानी चरतंय ना!"

गावातली बाई होती. चिखलातले निवट्या मासे पकडून परत निघाली होती. टोपली पलीकडच्या बांधावर ठेवून ती सरळ पाण्यात उतरली, कमरेइतक्या, आणि आमच्यापर्यंत आली. नातीला खांद्यावर घेतलं. "माजा पदर धर. पाय उचलू नको, घसरवत चल."

मी पदर धरला. मध्यावर पोचेतो पाणी आणखी चढून माझ्या छातीशी आलं आणि पाय तळापासून सुटले. त्या ओढीने तीही अडखळली, नात एका बाजूला कलली आणि तिच्या वेण्या पाण्यात बुडाल्या. पोरगी रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

पलीकडे पोचल्यावर माझे दात वाजत होते, उन्हात.

"कुटनं आलाव?" बाईने टोपली उचलत विचारलं.

"बेव्हर्ली पार्क."

"तिकरं कावले न्हाय का बगाला?" माझ्या दुर्बिणीकडे बघत म्हणाली आणि गेली. मला आभार मानायचंही सुचलं नाही.

रिक्षात मी चार खोट्या गोष्टी रचल्या. बागेतलं कारंजं, पाइप फुटला, असल्या. सुनेने दार उघडलं आणि एकही तोंडातून निघेना. तिथेच, उंबऱ्यावर, सगळं सांगितलं. बागेचं खोटंही. ती ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती. लेकीचे हात, गुडघे, मान चाचपून बघत होती. मी संपवलं. मग म्हणाली,

"आई, आधी तिच्या केसांतला चिखल धुवा. मी आत्ता काही बोलले, तर ते मला परत घेता येणार नाही."