पोस्टमनचा शेरा

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाले तेव्हा गुडघे कामातून गेले होते, तरी पाय घरात ठरत नव्हते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला नागरिकांची समिती नेमली आणि ह्यांना सभासद केलं, तेव्हा मीच म्हटलं, जा बापडे, निदान माझ्या स्वयंपाकघरातली लुडबुड तरी थांबेल. पगार नाही, मान नाही. महिन्यातून दोनदा गार चहा आणि फायलींचा ढीग. घरी यायचे ते तोंड एवढंसं करून.

कारण सांगते. तक्रारदाराला तीन वेळा नोटीस जायची. तिन्ही तारखांना तो आला नाही की फाईल बंद. आणि बहुतेक कुणी येतच नसे. बाकीचे सभासद म्हणायचे, लोकांनाच गरज नाही, आपण काय करणार. ह्यांनी मात्र नोटिसा उलट्या करून पाहिल्या, जन्माची सवयच ती. जवळजवळ प्रत्येकीच्या पाठीवर शेरा होता, 'घरी नाहीत', आणि खाली सही त्याच चौकीच्या शिपायाची, जिच्याविरुद्ध तक्रार. म्हणजे कुंपणानंच शेत खायचं आणि वर कुंपणालाच साक्षीला बोलवायचं.

त्या ढिगात किल्लीवाल्याची फाईल निघाली. पोस्टाच्या फाटकाशी बसायचा तो. ह्यांची वीस वर्षांची ओळख. कुठेशी घरफोडी झाली, कुलूप न तोडता उघडलेलं, म्हणून त्याला उचललं. खरा चोर सापडेपर्यंत चौकीत किल्लीवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती. हात गेला की किल्लीवाल्याकडे उरतं काय? समितीनं चूक झाली असं लिहून दिलं तरच त्याला भरपाई मिळणार होती. दोन तारखा हुकल्या होत्या, एक राहिली होती.

हे तडक मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे बाईच, शहराच्या पोलिसांच्या नव्या प्रमुख. मी म्हटलं होतं, दगडावर डोकं आपटायला चाललात. पण बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे हुकूम काढला: यापुढे नोटिसा पोलीस नेणार नाहीत, सभासद नेतील. त्या दिवशी हे चार घास जास्त जेवले.

किल्लीवाल्यानं घर बदललं होतं, आणि हात मोडल्यापासून तो फाटकाशीही बसत नव्हता. त्याची बायको ह्यांना ओळखत नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोलिसांचं प्रकरण कळू नये म्हणून ह्यांनी हळूच कडी वाजवली. दार बोटभर उघडलं. तिनं शिक्क्याचा कागद पाहिला आणि म्हणाली, घरी नाहीत. हे 'बरं' म्हणून परतले. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्याचं टपाल त्याच्याच हातात द्यायचं, आतलं काही तिसऱ्याला सांगायचं नाही, दारात हुज्जत घालायची नाही. एकतीस वर्षांचं वळण, जाणार कुठे? कागदाच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला आणि खाली सही केली.

माझं डोकंच फिरलं. अहो, आपण कोण ते तरी सांगायचंत तिला, म्हटलं. तर म्हणाले, टपालवाल्याला नाव कोण विचारतं.

तिसऱ्या तारखेला किल्लीवाला आला नाही. आणखी तारीख देणं मोठ्या बाईंच्या हातात होतं; ह्यांनी हात जोडून त्यांच्याकडे एक मागितली. बाईंचाही चेहरा उतरला होता, असं हेच सांगतात.

"काका, दोन शेरे आमच्या शिपायाचे होते," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही मानले नाहीत, आणि तुमचं बरोबर होतं. हा तुमच्या हातचा आहे. हाही खोटा धरू का?"

फाईल बंद झाली. पाच सह्या पडल्या, त्यात एक ह्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं, किल्लीवाला पुन्हा फाटकाशी बसू लागलाय; हे तडक तिकडे गेले. मीही गेले, म्हटलं वाटेत कुठे बसले तर उठवायला कुणी हवं. किल्लीवाला डाव्या हातानं कानस चालवत होता, चालत कसली, घसरतच होती. ह्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कानस खाली ठेवली.

"दोन्ही दिवस मी आतच होतो, काका," तो म्हणाला. "कडी वाजली की बायको मला माळ्यावर चढवते. तुम्ही एक हाक मारायची होती. तुमचा आवाज मी ओळखला असता."