डावीकडचा ड्रायव्हर

राधाकिशनरावांचं सगळं आयुष्य डाव्या खिडकीत गेलं. रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हर डावीकडं बसतो आणि असिस्टंट उजवीकडं. पूर्णा जंक्शनवरून मालगाड्या आणि पॅसेंजर ओढता ओढता त्यांचा हा पक्षपात हाडात मुरला होता. निवृत्त झाल्यावरही एसटीत डावीकडचीच खिडकी, पंगतीत डावीकडचंच टोक. न्हाव्याकडं गेले तर उजवी खुर्ची मोकळी असूनही डावी रिकामी होईपर्यंत पेपर वाचत बसायचे. न्हावी बिचारा काय बोलणार?

त्यांच्या पत्नीला, कोकिळाबाईंना, मात्र या नोकरीचा एक जुना राग होता. माहेर वालूरचं. माहेरी निघाल्या की त्यांना मागच्या बायकांच्या डब्यात चेंगरून जावं लागे, आणि पुढं इंजिनात नवरा ऐटीत बसलेला. इंजिनात बायकोला बसवायची सोय कुठल्या सरकारनं केली आहे?

"दुनियेला घिऊन फिरायलाव, अन् मला एकदा बी शेजारी बसविलं न्हाई," त्या म्हणायच्या.

"रिटायर होऊ दे. मपली गाडी घेतो. मी चालवीन, तू शेजारी बसायचं. थेट तुज्या भावाच्या दारात उतरवतो."

हा शब्द त्यांनी दिला होता. तोवर त्यांनी एक तोड काढली होती. गाडी क्वार्टरच्या मागून जाऊ लागली की भोंगा लांब ओढायचा. कोकिळाबाई पिठाच्या हातानं मागच्या दारात यायच्या, तोवर इंजिन पुढं निघून गेलेलं. हात हलवायचा तो गार्डाच्या डब्याला. कित्येक वर्षं हा असा संसार चालला, आणि एक गार्ड तर उगाच लाजायला लागला होता.

निवृत्तीनंतर राधाकिशनराव शब्दाला जागले. पिंकी नावाच्या धीट मुलीनं गावात गाडी शिकवायचा क्लास काढला होता, तिथं नाव घातलं. घरी एकटी बसून काय करू, म्हणून कोकिळाबाईही मागच्या सीटवर येऊन बसू लागल्या. पहिल्याच दिवशी राधाकिशनराव डावं दार उघडून ऐटीत बसले आणि समोर स्टिअरिंग नाही म्हणून पिंकीवरच रागावले. उजवीकडं बसवल्यावर तर कहरच झाला. ज्या माणसाला जन्मभर रुळांनी वळवलं त्याला वळण आल्यावर हात हलवायचा असतो हे कोण सांगणार? वळण आलं की ते शांतपणे समोर बघत बसायचे आणि गाडी सरळ शेतात. ब्रेकचं तर विचारू नका. पूर्ण्यात थांबायचं असेल तर हे एक स्टेशन अलीकडच्या चुडाव्यापासून ब्रेक दाबायला लागत.

एके दिवशी गाडीनं पानटपरीचं छप्पर काढलं. राधाकिशनराव खाली उतरून टपरीवाल्याशी भांडायला लागले. मागं ट्रॅक्टर भोंगे मारत होते.

"काकू, जरा गाडी बाजूला घेता का?" पिंकी म्हणाली. "रोज बघायलाव की."

कोकिळाबाईंनी पदर खोचला आणि गाडी अशी अलगद बाजूला घेतली की टपरीवालाही भांडण विसरून बघत राहिला. त्या दिवसापासून पिंकीनं दोघांनाही शिकवायला घेतलं. परभणीला परीक्षा झाली. काकू पास झाल्या, काका नापास झाले.

हे राधाकिशनरावांना फार लागलं. बायको पास झाली याचं त्यांना खरंच कौतुक होतं, पण दिलेल्या शब्दाचं काय? त्यांनी चार दिवस विचार करून निदान काढलं. दोष आपला नाही, दोष बाजूचा आहे.

"अमेरिकेत स्टिअरिंग डाव्या हाताला असतंय," त्यांनी जाहीर केलं. "मपल्याला अमेरिकन गाडी पाह्यजे."

"अन् वळण आल्यावर?" कोकिळाबाईंनी विचारलं.

पुतण्या आदिनाथ टेक्सासला होता. त्याला फोन गेला. एक गाडी जहाजात टाकून दे म्हणाले, जसं काही सातूच्या पिठाचा डबा पाठवायचा होता.

"काका, गाडी पाठविता यील, पण डाव्या स्टिअरिंगची गाडी तिकडं पास व्हत न्हाई. वर टॅक्स गाडीपरीस मोठा."

"पोरगं अमेरिकेला गेलं अन् काम टाळायला शिकलं," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

मग संभाजीनगरचा एक डीलर सापडला. परदेशातून मागवलेल्या जुन्या गाड्या तो विकायचा. अमेरिकन गाडी आहे का, एवढंच राधाकिशनरावांनी विचारलं. स्टिअरिंग कुठल्या बाजूला, हे विचारायचं कारणच नव्हतं. सूर्य कुठून उगवतो हे कुणी विचारतं का? डीलरनं मोबाइलवर फोटो पाठवला. गाडी समोरून काढलेली, लालभडक, रेड्यासारखी रुंद, आणि काचेतून दिसणारं स्टिअरिंग फोटोत चक्क डाव्या हाताला!

"बघ! बघ! डावीकडं हाय!" राधाकिशनराव अख्ख्या कॉलनीला फोटो दाखवत फिरले. समोरून काढलेल्या फोटोत आपल्या पिंकीची गाडीही तशीच दिसली असती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. जन्मभर लोकांना डावं-उजवं सांगणाऱ्या माणसावर शंका कोण घेणार? डीलरनं बघून जा म्हटलं, तर हे म्हणाले, बघायचं काय त्यात, भाऊबीजेपर्यंत पाठवा.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी ट्रकवरून उतरली. कॉलनी गोळा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. कोकिळाबाईंनी ओवाळलं. नवी टोपी घातलेल्या राधाकिशनरावांनी चारी बाजूंना नमस्कार केला, दिमाखात डावं दार उघडलं, बसले, आणि दोन्ही हात पुढं केले.

हातात काहीच आलं नाही.

लोकांतला एकेक जण हसायला लागला. राधाकिशनराव खाली उतरेनात. त्यांनी समोरचा कप्पा उघडून बघितला, जणू स्टिअरिंग आत घडी घालून ठेवलं असेल. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कुणालाही दिसू नयेत म्हणून ते डाव्या खिडकीतून पार लांब बघत होते.

कोकिळाबाईंना ते दिसले. त्यांनी ताट पिंकीच्या हातात दिलं, गाडीला वळसा घातला आणि उजव्या दारातून आत बसल्या.

"अहो, इंजिनात उजवीकडं कोण बसतंय?"

"असिस्टंट," ते पुटपुटले.

"मंग सिग्नल सांगा की. गाडीला उशीर व्हायलाय."

राधाकिशनरावांनी टोपी डोक्यावर चढवली. हात लांब करून रस्त्याकडं बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सिग्नल हिरवा!"

"हिरवा!" कोकिळाबाईंनी इंजिनात म्हणतात तसंच म्हटलं, आणि लिंबं फुटली.

परभणी ओलांडून वालूरपर्यंत सगळा रस्ता त्यांनी असाच कापला. गतिरोधक आला की "पुढं काम चालू, वीसच्या वर न्हाई!" वळण आलं की राधाकिशनराव गप्प, कारण त्यांच्या मते ते रुळांचं काम होतं. कोकिळाबाई वळवत होत्या.

वालूरला बन्सीधर, कोकिळाबाईंचा भाऊ, दारात उभा होता. बहीण उजव्या बाजूला आणि पाहुणे डावीकडं बघून तो हसला.

"दाजी, गाडी तर ताई चालवायलीय!"

राधाकिशनरावांचा चेहरा उतरला. पण कोकिळाबाईंनी काच खाली केली.

"डोळे फुटले का तुजे? ड्रायव्हर डावीकडं बसलेत. मी असिस्टंट हाय."

डाव्या सीटवरून राधाकिशनरावांचा हात जेमतेम भोंग्यापर्यंत पोचत होता. तो त्यांनी पोचवला आणि भोंगा लांब ओढला, क्वार्टरच्या मागून जाताना ओढायचे तसा. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या. कोकिळाबाईंनी तो भोंगा पहिल्यांदाच आत बसून ऐकला, आणि हात हलवायची सवय होती म्हणून शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बघून हात हलवला.