ब्रेक मोकळा ठेवणारी

वारा सुटला की मला झोप लागत नाही. मुलगी खाली, साइटजवळच्या तिच्या भाड्याच्या खोलीत झोपली असेल हे ठाऊक असूनही ती वर त्या काचेच्या केबिनमध्येच बसली आहे असं वाटत राहतं. ती टॉवर क्रेन चालवते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची क्रेन दिसते. रात्री दिसतो तो फक्त क्रेनच्या लांब हाताच्या टोकाचा लाल दिवा.

घरात आम्ही तिला ठमी म्हणतो. ठमीनं बँकेत लागावं एवढीच तिच्या बाबांची इच्छा होती. तिनं परस्पर क्रेनच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. वर्गात ही एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी शिकवणारे म्हणाले, "बाई, ही शिडी आहे, जिना नव्हे."

"बरंच झालं," ही म्हणाली. "जिन्यात लोक गप्पा मारत उभे राहतात."

हे घरी सांगताना ती पोटऱ्यांना तेल चोळत होती. बाबांनी विचारलं, "मग उद्या जायचंय?" तर म्हणे, "हो, आणि डबा जरा मोठा द्या. चढून चढून भूक लागते."

आताच्या या बांधकामाच्या साइटवर बायकांसाठी संडास नव्हता. साइटच्या साहेबांनी सल्ला दिला, "पाणी कमी पीत जा."

"तुम्ही चहा सोडा, मी पाणी सोडते."

त्यांनी चहा सोडला नाही. मग ठमी भर कामात खाली उतरून रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपावर जाऊ लागली. ती परत वर पोहोचेपर्यंत सगळं खोळंबायचं. साहेबांनी काही दिवस दातओठ खाल्ले आणि मुकाट्यानं संडास बांधला. आता विटा वाहणाऱ्या बायकाही तो वापरतात. त्या तिला 'वरच्या ताई' म्हणतात. पत्र्याच्या खोल्यांत, क्रेनच्या अगदी पायथ्याशी, त्या मुलाबाळांसकट राहतात.

परवापासून नवं भांडण सुरू झालं. काम संपलं की क्रेनचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडून उतरायचं असतं. म्हणजे हात वाऱ्याबरोबर वळत राहतो आणि वारा त्याला आडवा भिडत नाही. आडवा भिडला तर अख्खी क्रेन कोलमडू शकते. सुरुवातीला तो दिवा रात्री आपोआप फिरताना पाहून मीच तिला घाबरून विचारलं होतं, "अगं, तू ब्रेक लावायला विसरलीस का?" किती हसली होती.

शेजारच्या बंगल्याच्या मालकाला मात्र आपल्या गच्चीवरून काही फिरलेलं खपत नाही. त्याच्या तक्रारीवरून साहेब म्हणाले, रात्री ब्रेक लावून ठेव. तिनं नाही सांगितलं.

"फार डोक्यावर बसायला लागलीस."

"साहेब, मला त्याचाच तर पगार मिळतो."

आज संध्याकाळी त्यांनी तिला कामावरून काढलं. फोनवर मला म्हणाली, "नोकरी गेली ती गेली, आई. ब्रेक मोकळा सोडून आलेय."

आता खिडकीबाहेर झाडं वाकताहेत, आणि लाल दिवा त्या गच्चीपासून दूर एका जागी ठप्प उभा आहे. ती गेल्यावर साहेबांनी कुणाला तरी वर चढवून ब्रेक लावून घेतलेला दिसतो. पहाटे वारा आणखी वाढेल, असं बातम्यांत सांगितलं.

हे जागेच आहेत. म्हणाले, "तिला नको कळवू. ती चढेल."

"चढेल," मी म्हटलं.

"आता ती क्रेन तिची नाही."

"खालची माणसं तर तिची आहेत."

साहेब रात्री फोन बंद ठेवतात, हे ठमीनंच सांगितलंय. माझ्या सांगण्यावरून त्या पत्र्याच्या खोल्यांतून कुणी उठणार नाही. वरच्या ताईनं सांगितलं तर उठतील, पोरांना काखोटीला मारून निघतील. आणि मग ब्रेक सोडायला ती शिडीकडे वळेल. अजून चढता येईल इतपतच वारा आहे.

फोनकडे हात जाईना म्हणून हे लिहीत बसले. तिला चढू नकोस म्हणणार नाही. आधी माणसं हलव, कमरेचा पट्टा लाव, एवढंच सांगेन. साहेबांनी उद्या जाब विचारला, तर आईनं उठवलं म्हणून सांग.

हे खिडकीशी जाऊन उभे राहिलेत, दिव्याकडे बघत. मी ठमीला फोन लावते आहे.