उंच चेंडूची वाट

सकाळी मैदानावर आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सराव चालला होता. सगळे जमिनीलगत छोटे छोटे पास देत होते. पलीकडच्या गोलपोस्टपाशी आमचा उंच फॉरवर्ड मात्र एकटाच चेंडू हातानं वर उडवून हेड मारत होता.

जुन्या कोचला उंच चेंडूंचा खेळ आवडायचा, म्हणून याला लांबून आणलं. हंगाम संपला आणि कोचच सोडून गेला.

"नव्या कोचनं दोन बुटके, चपळ गडी मागितल्यात," शेजारी बसलेले तालमीचे कारभारी बापू मला म्हणाले. "आणूया की."

"मग ह्याचं काय?" मी फॉरवर्डकडे बोट दाखवलं.

"बसंल बाकावर."

मला हे पटत नाही. कोच म्हणजे भाडेकरू. त्याच्या मापानं घराची दारं कोण बसवतं? आमची पोरं पेठेच्या बोळात खेळून वाढली. चेंडू वर गेला की कुणाच्या तरी माडीत अडकायचा, म्हणून तो जमिनीवर ठेवायची सवय लागली. हा खेळ प्रत्येक कोचच्या आधीपासूनचा आहे. खेळाडू आणायचा तो या खेळासाठी.

तेवढ्यात त्या फॉरवर्डनं सुरेख हेड मारला. चेंडू जाळीत गेला. कुणी वळून पाहिलं नाही. चेंडू आणायला तोच गेला.