लाल गाडीचा नंबर

मी साताऱ्यात कॉलेजात मराठी शिकवते. गाडीतलं मला एकच कळायचं, पेट्रोल कुठून घालायचं. काकांच्या लाल गाडीत तेही सापडेना, म्हणजे बघा माझी लायकी.

पाटणजवळच्या आमच्या गावात, काकांच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं पोत्यांखाली उभी होती. विलायती, दोन सीटची, बिनटपाची. काका फौजेतून सुटल्यावर महाबळेश्वरच्या एका हॉटेलात ड्रायव्हर होते. मालक परदेशात जाताना गाडी त्यांच्या नावावर करून गेला. कंपनी कुठली ते सांगत नाही, उद्या दारात गिऱ्हाइकं येऊन बसतील.

यंदा काकांनी नवा ट्रॅक्टर बुक केला आणि जाहीर केलं, "दसऱ्याला ट्रॅक्टर येणार, त्याला गोठ्यातली ही जागा लागंल. तवर ही आपल्या पायानं भाईर आली तर ठिवू. न्हाईतर भंगारवाला वडून न्हेईल." एवढं बोलून तंबाखू मळत बसले, पण गोठ्याकडे काही बघेनात. मला राहवलं नाही. "मी चालू करते," म्हणाले. काकी हसून हसून खाली बसली.

मग दर शनिवारी एसटीनं गाव. फोनवर जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा एक ग्रुप होता, त्यात घुसले आणि प्रश्नांचा भडिमार सुरू केला. बॉनेट उघडत नाही, काय करू? "ताई, ते काचेच्या बाजूनं उघडतं." दोन शनिवार मी ते पुढून उचकटत होते आणि काकी पहार घेऊन मदतीला. इंजिनात तेल किती आहे, कसं कळतं? "दांडी ओढून बघा." कुठली दांडी? यावर एकानं दांडीभोवती लाल गोल काढून फोटो पाठवला. लाज कसली हो, मला ती गाडी चढलीच होती. वर्गात अलंकार शिकवताना फळ्यावर मी चक्क कार्बोरेटर लिहिलं.

पाटणच्या मेकॅनिकनं टाकी धुतली, प्लग बदलले, आणि एका शनिवारी इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मी गोठ्यात नाचले. म्हशी दावी तोडायला लागल्या. पण ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. ब्रेकचा सिलिंडर गेलेला. ग्रुपनं सुचवलेला पार्टवाला फोनवर म्हणाला, "दर साली कंपनीनं हा पार्ट बदललाय. इंजिनामागच्या पत्र्यावर पितळी पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर पाठवा, त्याशिवाय देता येणार नाही." गाडीचे कागद काकांनी नोकरीसाठी सांगलीत घेतलेल्या खोलीत राहिले होते, महापुरात कागदांचा लगदा झाला. पट्टी सापडेना. दसरा पंधरा दिवसांवर आला.

इंजिनाचा कोपरान् कोपरा फोटोत घेऊन ग्रुपवर टाकला. मागच्या पत्र्यावर मुठीएवढं केशरी काहीतरी होतं. "ह्या पार्टला काय म्हणतात?" एक म्हणाला रिले, दुसरा म्हणाला फिल्टर. कोल्हापूरच्या एकानं लिहिलं, "दुर्मिळ आहे, हात लावू नका." दोन दिवस वाद चालला. शेवटी मी फोटो काकीला दाखवला.

"आगं, त्यो म्हसोबा हाय," काकी म्हणाली.

गाडी आली त्याच वर्षी कोयनेच्या घाटात ब्रेक गेले होते. काकांनी ती दरडीला घासून थांबवली आणि चालत घरी आले. त्या खंडेनवमीला काकीला आत चकाकणारी पट्टी दिसली, तिला तिनं तेल-शेंदूर लावला. तेव्हापासून दर खंडेनवमीला एक थर, गाडी उभी राहिली तरीसुद्धा. "राखणीला कुणीतरी पायजे का न्हाई?"

"काकी, तो खरवडावा लागेल."

"देवाला खरवडतीस व्हय गं?" म्हणाली आणि उठून गेली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाई एवढी वर्षं नवऱ्याचा जीव सांभाळत होती आणि मी तिच्यापुढं स्क्रू-ड्रायव्हर धरला होता.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "शेंदराचं कवच उतरवू. पर रीतीनं. तुझं ते हत्यार न्हाई लावायचं."

मी पोचले तेव्हा तिनं उपास धरला होता. नारळ फोडला, कोमट तेल चोळत बसली. तासाभरानं कवच अख्खं सुटून हातात आलं. आतल्या बाजूला आकडे उलटे उमटले होते. कवच तिनं कोयनेत सोडलं. पट्टीचा फोटो मी ग्रुपवर टाकला आणि दुर्मिळवाल्यानं आपला मेसेज पुसून टाकला.

पार्ट दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला, मेकॅनिकनं रात्रीच बसवला. दसऱ्याला सकाळी काकीनं नंबर मोकळा सोडून शेजारी शेंदराचं बोट लावलं. काका आत बसले. गाडी धूर ओकत आपल्या पायानं अंगणात आली. काकांनी ब्रेक दाबला, ती थांबली. चार हात पुढं नेली, पुन्हा दाबला. पुन्हा नेली, पुन्हा दाबला. म्हातारा हसायचा थांबेना.

तेवढ्यात ट्रॅक्टर दारात आला. आणणाऱ्यानं गोठ्यातली रिकामी जागा बघून विचारलं, "आत लावू का?"

"लिंबाखाली लाव."

"आवं, नवाकोरा हाय, भिजंल की."

"ताडपत्री घाल," काका म्हणाले. मग गाडी मागं घेत तिच्या जागेवर लावली, चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "उद्या लवकर ऊठ. हिचा क्लच लय खोडील हाय, शिकवतो."