जर्मनची साय

"बस वं खाली!" भासरे ओरडले आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला ढकललं. मी भिंतीपाशी पडले. मागे भट्टीवरच्या मुशीतला, धातू वितळवायच्या भांड्यातला, रस फुटला आणि छताच्या पत्र्यापर्यंत उडाला.

दौलतराव माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. तोवर ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. भासऱ्याने भावजयीशी बोलायचं नाही, शिवायचं तर नाहीच. चिखलीत आमची जर्मनची भट्टी होती; ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. दिवसभर आम्ही समोरासमोर काम करायचो. ते चिमट्याला सांगायचे, "मीठ पाह्यजे होतं."

मी भिंतीला सांगायची, "मीठ संपलं म्हणा."

"मंग आता भट्टीनं जावं काय दुकानात?" हेही चिमट्यालाच.

रस तापला की वर राखाडी साय धरते. दुसरे ओतारी ती सारखी ढवळतात, काढतात. पुन्हा नवी धरते आणि मालाची राख होत जाते. दौलतराव ढवळू देत नसत. "झोपू द्या तिले. तिच्या पांघरुणाखाली माल शाबूत राह्यते." मोड, म्हणजे जुनी फुटकी भांडी, ठोकून घट्ट करायची आणि सायीखाली दाबायची, वर तरंगली की जळते. शेवटी काढलेल्या सायीतही मीठ घालून ते ती घोळत बसत. थेंब थेंब रस खाली गळे.

दुपारी कधी सायीला बारीक चीर पडायची आणि आत चांदणं दिसायचं. ते बघत राहायचे. मीही बघायची. रस्त्यावरचे आवाज मग फार लांबून येत.

आमच्याकडे बाया उष्टं भांडं मोडीत देत नाहीत, घासूनच देतात; आणि रसात पाण्याचा थेंब गेला तरी रस फुटतो. म्हणून दौलतराव प्रत्येक भांडं भट्टीच्या काठावर तापवून मग घेत. त्या दिवशीचं पातेलंही तापवलं होतं. पण त्याच्या वळलेल्या कडेत पाणी राहिलं होतं. पातेलं सायीखाली दाबलं आणि कड शिट्टीसारखी वाजली, चिमटा थरथरला. दार दौलतरावांच्या पाठीशी होतं. मी मुशीवर वाकून मीठ टाकत होते. ते दाराकडे गेले नाहीत.

त्यांना मसणात नेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "शिवले काय वं तुले?"

"हाव," म्हटलं.

भट्टीपाशी आम्ही दोघंच होतो. मी वाचले.